खोटा दागिना, खरे छायाचित्र

मराठी भाषेने एका बाबतीत मोठा प्रामाणिकपणा दाखविला आहे. सोन्याचा मुलामा चढविलेल्या पितळी पाटल्यांना आणि काचेच्या खड्यांच्या कुड्यांना तिने एखादे गोंडस नाव दिले नाही. सरळ ‘खोटे दागिने’ म्हटले. लग्नसमारंभात एक स्त्री दुसरीला “हार खरा की खोटा?” असे सहज विचारते आणि “खोटाच गं, बेन्टेक्सचा आहे” असे उत्तरही तितक्याच सहजपणे येते. विचारणारीला संकोच नाही, सांगणारीला लाज नाही. दागिना खोटा असला तरी व्यवहार खरा असतो, कारण तेथे कोणी कोणाला फसविलेले नसते. उलट शुद्ध सोने विकणारा एखादा सराफ वजनात गुंजभर लबाडी करू शकतो. तेथे दागिना खरा असूनही व्यवहार खोटा ठरतो. म्हणजे खरेखोटेपणा वस्तूच्या धातूत नसून, ती वस्तू दुसऱ्यापुढे ठेवणाऱ्या माणसाच्या मनात असतो. नीतिशास्त्राचे हे जुनेच तत्त्व आहे. परंतु एका नव्या व्यवसायाच्या निमित्ताने ते पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आज आपल्या कुटुंबांवर आली आहे.

मोर्शी, वरूड, अचलपूर यांसारख्या गावांत पूर्वी दुकान थाटायचे म्हणजे बाजारपेठेत गाळा हवा, अनामत रक्कम हवी, दिवसभर गल्ल्यावर बसायला घरचे माणूस हवे. गरीब घरातील मुलीला किंवा सुनेला हे सारे अशक्यच होते. आता तसे राहिलेले नाही. रेशमी धाग्याच्या बांगड्या, मण्यांचे हार, झुमके, केसांच्या क्लिपा, कापडी बटवे अशा वस्तू ती घरी बनविते, किंवा मुंबईच्या भुलेश्वरातून अथवा गुजरातेतील राजकोटहून घाऊक भावाने मागविते. घरातील एका कोपऱ्यात त्या मांडून मोबाईलने त्यांची छायाचित्रे काढते आणि ती ऑनलाइन दुकानात लावते. तिचे गिऱ्हाईक नागपुरात असेल, नाशिकला असेल किंवा वसईत असेल. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच होणार नाही. दोघींच्या मध्ये असते ते केवळ एक छायाचित्र. त्या चित्रावर विश्वास ठेवून एक स्त्री पैसे देते आणि त्या पैशांतून दुसरीच्या मुलांची फी भरली जाते. म्हणूनच “फादर, फोटो थोडा उजळ केला तर ते पाप का?” हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याला हसून उत्तर देता येत नाही.

प्रकाश आणि मुलामा

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हे काम कसे चालते, हे समजून घेतले पाहिजे. अन्यथा आपला उपदेश हवेतच राहील.

जाणकार विक्रेती खिडकीजवळ टेबल मांडते. पांढरा ड्रॉइंग पेपर भिंतीवरून टेबलावर असा सोडते की त्याला घडी पडू नये व मागे रेघ दिसू नये. ऊन थेट पडले तर धातू नुसता चकाकतो आणि त्यावरील नक्षी दिसत नाही, म्हणून खिडकीला पातळ पांढरे कापड लावते. ज्या बाजूला सावली पडते तेथे थर्माकोलचा तुकडा उभा करून प्रकाश परतविते. बांगडी फार चकचकीत असेल तर तिच्यात छायाचित्र काढणारीचाच चेहरा उमटतो. तो टाळण्यासाठी कोन बदलते. हे सर्व कसब आहे, आणि या कसबात पाप शोधणे म्हणजे अंगण झाडून पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या गृहिणीला ढोंगी म्हणण्यासारखे आहे.

उजळ करण्याविषयीही असेच आहे. चौकटीत पांढरा रंग पुष्कळ असला की कॅमेरा तो अतिप्रकाश समजून चित्र आपोआप काळवंडून टाकतो. शुभ्र कागद राखाडी दिसतो आणि लाल धागा विटलेला दिसतो. अशा वेळी चित्र उजळ केले नाही तर तेच खोटे ठरते. मन लावून गुंफलेली बांगडी अंधाऱ्या, हललेल्या छायाचित्रात मांडणे हासुद्धा त्या वस्तूवर आणि ती घडविणाऱ्या हातांवर अन्यायच आहे. तेव्हा चांगला प्रकाश हा दिखाऊपणा नव्हे. आहे ते दिसू देणे, हे प्रकाशाचे कामच आहे.

परंतु याच साधनांनी नसलेलेही दाखविता येते. पिवळ्या दिव्याखाली हलके पितळ सोन्याचा भाव खाऊ लागते. कॅमेरा अगदी जवळ नेला की करंगळीच्या पेराएवढा झुमका तळहाताएवढा भासतो. शेजारी एखादे नाणे ठेवले असते तर खरा आकार तत्काळ कळला असता, म्हणूनच ते ठेवले जात नाही. रंग गडद करण्याच्या एका खुणेने सुती धागा रेशमासारखा झळाळतो. तुटलेला खडा बोटाने पुसावा तसा चित्रातून पुसता येतो. आणि आता तर संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला सांगितले की कधीही न जन्मलेल्या स्त्रीच्या गळ्यात कधीही न घडविलेला हार क्षणात दिसू लागतो.

आपल्या भाषेत या कलेला ‘छायाचित्र’ आणि ‘प्रकाशचित्र’ असे दोन्ही शब्द आहेत. ज्या ग्रीक शब्दांवरून ‘फोटोग्राफी’ हे नाव आले त्यांचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा होतो. प्रकाशाने जे लिहिले जाते ते वाचणाऱ्याला आपोआपच खरे वाटते. चितारी कल्पनेने रंगवितो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु छायाचित्र पाहणारा ‘अशी वस्तू तेथे होती’ असे गृहीत धरतो. या गृहीतावरच सारा व्यवहार उभा आहे आणि म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणे इतके सोपे आहे.

याकोबाचा हात

पवित्र शास्त्रात या विषयावर प्रकाश टाकणारी एक कथा आहे. तिच्याकडे आपण सहसा या दृष्टीने पाहत नाही. उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात वृद्ध इसहाकाची दृष्टी गेलेली आहे. वडील मुलाचा आशीर्वाद आपल्याला मिळावा म्हणून याकोब एसावाची वस्त्रे अंगावर घालतो आणि हातांना करडांची कातडी गुंडाळतो. पित्याला आवाजाची शंका येते, परंतु तो हाताच्या स्पर्शावर विश्वास ठेवतो आणि फसतो. त्याला पाहता येत नव्हते, केवळ चाचपता येत होते. आजच्या ऑनलाइन ग्राहकाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याला पाहता येते, परंतु चाचपता येत नाही. दोन्ही ठिकाणी माणसाचे एक इंद्रिय निकामी झालेले आहे आणि उरलेल्या इंद्रियापुढे काय ठेवायचे, हे समोरच्याच्या सद्सद्विवेकावर सोपविलेले आहे.

ही कथा तेथे संपत नाही. पुढे लाबान विवाहाच्या रात्री राहेलीऐवजी लेआला याकोबाच्या स्वाधीन करतो आणि सकाळच्या उजेडात त्याला सत्य कळते. पित्याच्या अंधत्वाचा लाभ घेणारा पुत्र स्वतः अंधारात फसविला जातो. आणखी काही वर्षांनी याकोबाचे पुत्र योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून पित्यापुढे ठेवतात. तोंडाने ते फारसे खोटे बोलतच नाहीत. हा झगा तुमच्या मुलाचा आहे का, ते पाहा, एवढेच विचारतात. खोटे बोलतो तो झगा. कातडी, काळोख आणि झगा या तिन्ही प्रसंगांत शब्दांपेक्षा दाखविलेल्या वस्तूनेच माणसाला फसविले. ‘मी तर काहीच खोटे लिहिले नाही, फक्त फोटो लावला’ असे म्हणणाऱ्याने या घराण्याची कथा सावकाश वाचावी.

संतांचा निवाडा

संत ऑगस्टिन यांनी सुमारे इ. स. ३९५ मध्ये असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनात एक असताना शब्दांनी किंवा अन्य कोणत्याही खुणेने दुसरेच व्यक्त करणे, या अर्थाने त्यांनी लबाडीचा विचार केला आहे. ‘अन्य कोणत्याही खुणेने’ ही त्यातील महत्त्वाची जोड आहे. छायाचित्र ही अशीच एक खूण आहे. त्यामुळे आठव्या आज्ञेच्या कक्षेतून ते सुटत नाही. शेजाऱ्यापुढे दिलेली ती एक साक्षच आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीला एक संपूर्ण प्रकरण दिले. त्यांचा विचार फार व्यवहारी आहे. एका डोळ्याने आंधळा असलेला घोडा विकताना ते व्यंग घेणाऱ्याला दिसतेच. किंमत त्या मानाने कमी लावली असेल तर ते मुद्दाम बोलून दाखविण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. परंतु जो दोष झाकलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो सांगितलाच पाहिजे. मग सर्व दोषांची बाजारात दवंडी पिटायची काय? तसेही नाही, असे ते म्हणतात. दवंडीने गिऱ्हाईक आधीच बिचकेल आणि वस्तूचे गुण त्याला कळणारच नाहीत. परंतु जो प्रत्यक्ष विकत घ्यायला येईल, त्याला दोष सांगणे न्यायाने बंधनकारक आहे.

आपल्या प्रश्नाला हे विवेचन किती चपखल लागू पडते! दुकानाच्या दर्शनी भागातील छायाचित्रात वस्तूची उत्तम बाजू दाखवावी. त्यात काहीच वावगे नाही. परंतु ऑनलाइन व्यवहारात दवंडी आणि प्रत्यक्ष भेट या दोन्ही गोष्टी एकाच पानावर होतात. ‘जवळ येऊन’ विचारण्याची संधी घेणाऱ्याला वेगळी मिळत नाही. म्हणून त्याच पानावर दुसरे छायाचित्र हवे: मागच्या बाजूचे, फासाचे, नाण्याशेजारी ठेवलेले. आणि शब्दही हवेत: धातू कोणता, मुलामा घामाने उतरेल काय, रंग किंचित फिका आहे काय. घोड्याचा आंधळा डोळा बाजारात सर्वांना दिसत होता. छायाचित्रात मात्र विक्रेत्याने वळविलेली बाजूच काय ती दिसते. झाकणे जेवढे सोपे, तेवढे सांगण्याचे बंधन मोठे.

आम्हां मोर्शीकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. आंबिया बहराची असोत वा मृगाची, संत्री पेटीत भरताना वरच्या थरात मोठी, केशरी फळे मांडायची आणि खाली बारकी ढकलायची, हा मोह जुनाच आहे. परंतु बाजारात घेणारा हात घालून खालचे फळ वर काढू शकतो, पेटी उपडी करू शकतो. छायाचित्र ही अशी पेटी आहे, जिला केवळ वरचाच थर असतो. खाली हात घालण्याची सोयच नाही. बाजारात घेणाऱ्याचा हात विक्रेत्यावर पहारा ठेवतो. येथे विक्रेत्यानेच घेणाऱ्याचा हात व्हायचे आहे. खोटी मापे आणि खोटी तागडी यांविषयी लेवीय ग्रंथाने (१९:३५-३६) आणि आमोस संदेष्ट्याने (८:५) ज्या कठोरपणे बजावले आहे, तो कठोरपणा आज मोबाईलच्या पडद्यालाही लागू आहे.

पोटाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ‘सगळेच असे करतात. तोच झुमका शेजारची बाई घाऊक व्यापाऱ्याचे झगमगीत छायाचित्र लावून विकते. माझे खरे चित्र त्यापुढे फिके पडते. तिचे दहा जातात, माझे दोन. फादर, प्रामाणिकपणाने चूल पेटत नाही.’

या बोलण्याला लगेच पापाचे लेबल लावणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. प्रामाणिकपणाची किंमत श्रीमंत दुकानदारापेक्षा गरीब विक्रेतीला फार जास्त मोजावी लागते, हे सत्य आहे. म्हणून समाजाचाही यात वाटा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये फसव्या जाहिरातींवर कारवाई करता येते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, जाहिरातीत दाखविलेली वैशिष्ट्ये वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. हे नियम ग्राहकासाठी आहेत, तसेच प्रामाणिक विक्रेत्याच्या रक्षणासाठीही आहेत. स्वस्तातली वस्तू महागड्यासारखी दिसावी, असा हट्ट आपण ग्राहक म्हणून धरतो, तेव्हा त्या असत्यात आपणही भागीदार होतो. दीडशे रुपयांत राणीहार मागणाऱ्याने फसलो म्हणून ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

तरीही विक्रेतीचे बंधन सुटत नाही. दुसऱ्याच्या पापाने माझे पाप पुण्य होत नाही. आणि त्या आठ जास्तीच्या विक्रीचा हिशेबही नीट मांडावा. त्या आठ पुडक्यांच्या पलीकडे आठ घरे आहेत. एखाद्या घरात कोणा मुलीने शिकवणीच्या पैशांतून बहिणीच्या लग्नासाठी तो झुमका मागविलेला असतो. पुडके उघडताच तिचा चेहरा उतरतो. दीडशे रुपयांसाठी ती तक्रार करीत नाही. फक्त तिचा माणसांवरचा विश्वास थोडा कमी होतो. हे नुकसान कोणत्याही वहीत नोंदले जात नाही, परंतु देवाच्या दृष्टीने ते शून्य नाही. प्रभू येशूने दिलेला सुवर्णनियम (मत्तय ७:१२) येथे अगदी सरळ वापरता येतो: हे पुडके माझ्या मुलीने उघडले असते, तर छायाचित्रातील वस्तू आणि हातातील वस्तू यांची तिला ओळख पटली असती काय? पटली असती, तर चित्र कितीही सुंदर असो, ते निर्दोष आहे. पटली नसती, तर ते कितीही साधे असो, ते लबाड आहे. आणि चूक घडलीच, तर जक्कयाने (लूक १९:८) दाखविलेला मार्ग आहे. तो केवळ हळहळला नाही. त्याने घेतलेले परत केले आणि वर भरही घातली.

चित्राबाहेर राहिलेले हात

सत्याबरोबर आणखी दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने १९९७ मध्ये जाहिरातीतील नीतीवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात सत्य, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे सांगितली आहेत.

प्रतिष्ठेचा प्रश्न आपल्या विषयात अगदी हातापासूनच सुरू होतो. आपल्या वऱ्हाडातील शेतात राबणाऱ्या स्त्रीचा हात सावळा, उन्हाने रापलेला असतो. परंतु तिला विकायच्या बांगडीच्या चित्रात बहुधा गोराच हात असतो, आणि तो तसा नसला तर चित्र ‘सुधारताना’ गोरा केला जातो. ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध मलमाच्या कंपनीला २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ करावा लागला. परंतु नाव बदलले तरी नजर बदलायची राहून जाते. देवाने आपल्या प्रतिरूपात घडविलेल्या हाताचा रंग दोष समजून पुसणे, हा दागिन्याविषयीच्या असत्याहून मोठा अपराध आहे. आपल्या मुलींनी आपल्याच हातात बांगडी घालून छायाचित्र काढावे. ते चित्र अधिक खरे असेल आणि पाहणाऱ्या दुसऱ्या सावळ्या मुलीला धीर देईल.

तिसरी जबाबदारी कारागिराविषयीची आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्रादा या कंपनीने आपल्या सोहळ्यात कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे दाखविली. छायाचित्रे जगभर गेली. परंतु त्यांच्याबरोबर कोल्हापूरचे नाव गेले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. ते चित्र सुंदर होते. वस्तूविषयी त्यात खोटेही काही नव्हते. तरीही पिढ्यान् पिढ्या चामडे कमावून, कापून, शिवून ज्यांनी तो घाट घडविला, त्यांना चौकटीबाहेर ठेवल्यामुळे ते अपुरे होते.

हीच गोष्ट लहान प्रमाणात आपल्याही हातून घडते. दुसऱ्या दुकानाच्या पानावरून छायाचित्र उचलून आपल्या नावाने लावणे ही चोरी आहे. तेथे सातवी आणि आठवी या दोन्ही आज्ञा एकदमच मोडतात. उलट, आपल्या अमरावती जिल्ह्यातच मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्रात आदिवासी कारागीर बांबूच्या राख्या बनवितात. अशा हातच्या कामात एक नग दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. चित्रात तो फरक पुसून टाकण्याऐवजी दाखवावा आणि ‘हे हाताने केलेले आहे, थोडा फरक असेल’ असे लिहावे. तो फरक म्हणजे माणसाच्या हाताची सही आहे. कृत्रिम बुद्धीने बनविलेल्या चित्रात नेमकी तीच सही नसते. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही, या साधनाने बनविलेल्या खोट्या चित्रांमुळे माणसांचा परस्परविश्वास ढासळतो, याची चिंता व्यक्त केली आहे.

तेव्हा प्रिय वाचकहो, मूळ प्रश्नाचे उत्तर असे आहे. फोटो उजळ करणे पाप नाही. अंधारात ठेवणे पाप असू शकते. प्रकाश वस्तूवर पडावा, वस्तूच्या जागी पडू नये. ज्या घरांत ही छोटी दुकाने चालतात, त्या घरांतील आईवडिलांनी मुलांना तो धंदा करू नका असे सांगू नये. उलट त्यांच्या शेजारी बसावे, पांढरा कागद धरावा, थर्माकोलचा तुकडा सरकवून द्यावा आणि पुडके बंद करण्यापूर्वी पडद्यावरील चित्र व हातातील वस्तू एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. कुटुंबाने मिळून केलेली ही छोटीशी तपासणी सायंकाळच्या रोझरीइतकीच देवाला आवडेल, अशी माझी श्रद्धा आहे. माणूस बाहेरचे रूप पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला शिकविले गेले (१ शमुवेल १६:७). ज्या बहिणीला आपण कधी भेटणार नाही, तिचे डोळे आणि हात काही क्षणांपुरते आपल्या स्वाधीन झालेले आहेत. ती ठेव जशीच्या तशी परत करण्याची बुद्धी आणि बळ प्रभू आपल्या प्रत्येक घराला देवो.